चौकोन, बाण आणि नवा वाचक

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण शनिवार-रविवार कसे उडून जातात कळतच नाही. आज मात्र ठरवून बसलोय.

सध्या ऑफिसात माझ्याकडे एक गंमतशीर काम आहे. आमची टीम आकृत्या काढायला जे साधन वापरते, त्याचं डॉक्युमेंटेशन लिहायचं. त्यात काय गंमत, असं वाटेल. गंमत अशी, की ते वाचणार आहेत एआय एजंट. एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुठल्याशा कचेरीबाहेर टपरीवर बसलेला, बगलेत फायली असलेला इसम येतो. हा एजंट म्हणजे प्रोग्राम. त्याला म्हणायचं, "पेमेंटच्या आकृतीत रिफंडचा रस्ता वाढव", की तो फाइल उघडतो, बदल करतो आणि जागेवर ठेवून देतो. टपरीवरच्या एजंटाचा धंदा न लिहिलेल्या नियमांवर चालतो. कुठल्या खिडकीवर कुठला फॉर्म द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून तर आपण त्याच्याकडे जातो. नवा एजंट नेमका तिथेच अडतो. आणि अडला तर बरं, अनेकदा तो अंदाज ठोकून पुढे जातो!

हे काम करताना मी जुनं जुनं वाचत गेलो, आणि लक्षात आलं की मला पडलेला प्रश्न चांगला पाऊणशे वर्षं जुना आहे. प्रश्न साधा आहे. चौकोन आणि बाणांची ही आकृती नक्की कोणासाठी काढायची? माणसासाठी की यंत्रासाठी?

सुरुवात संगणकाच्याही आधी होते. १९२१ साली फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे 'प्रोसेस चार्ट' मांडले. कारखान्यातलं काम कुठून सुरू होतं, कुठे थांबतं, कुठे तपासणी होते, हे सगळं खुणांनी एका कागदावर. हेतू अगदी सरळ होता. काम डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणजे त्यातला फालतूपणा काढता येईल.

संगणकाच्या जगात ही कल्पना आणली हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये त्यांचा संगणक अजून बांधून व्हायचा होता, आणि हे दोघं १९४७ मध्ये त्याच्यासाठी प्रोग्राम कसा लिहायचा याचे अहवाल लिहीत होते. त्यात 'फ्लो डायग्राम' आहेत. आधी आकृती काढायची, म्हणजे विचार पक्का करायचा, आणि मग त्यावरून यंत्राला कळणारे आकडे लिहून काढायचे, असा क्रम. खरं डोकं आकृतीत चालवायचं, पुढचं काम त्या मानाने हमालीचं.

या आकृत्यांमधली एक चौकट मला फार आवडते. तिला ते 'असर्शन बॉक्स' म्हणत. त्या चौकटीत यंत्राने काहीच करायचं नसतं. 'हिशेब इथपर्यंत आला की अमुक गोष्ट खरी असते' एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे संपूर्णपणे वाचणाऱ्यासाठी टाकलेली चौकट. ही चौकट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पुढची वीसेक वर्षं फ्लोचार्टांची चलती होती. आयबीएमने तर वेगवेगळ्या आकारांची भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी काढली होती. भोकात पेन्सिल फिरवायची की झाला चौकोन, झाला शंकरपाळा. पण व्हायचं काय, की प्रोग्राम रोज बदलायचा आणि आकृती कागदावर तशीच राहायची. बदलून बदलून खोडणार तरी किती? आपल्याकडच्या डिझाइन डॉक्युमेंटचं जे होतं तेच.

या दुखण्यावर एक औषध निघालं. १९६४ साली आरसीए या संगणक बनवणाऱ्या कंपनीने अप्लाइड डेटा रिसर्च नावाच्या छोट्या कंपनीला विचारलं, की फ्लोचार्ट आपोआप काढणारा प्रोग्राम करता येईल का? मार्टिन गोएट्झ यांनी तो केला. आरसीएने मात्र तो घेतला नाही. मग कंपनीने तो स्वतःच विकायला काढला, पुढे आयबीएमच्या १४०१ या लोकप्रिय संगणकासाठी पुन्हा लिहिला, आणि तो 'ऑटोफ्लो' नावाने चालला. यंत्राबरोबर फुकट न मिळता वेगळे पैसे मोजून विकत घ्यावं लागणारं सॉफ्टवेअर ही कल्पनाच तेव्हा नवीन होती. अशा पहिल्यावहिल्या उत्पादनांत ऑटोफ्लोचं नाव घेतलं जातं. याच गोएट्झ यांना १९६८ मध्ये अमेरिकेतलं पहिलं सॉफ्टवेअर पेटंट मिळालं. ते आकृत्यांसाठी नव्हतं, डेटा क्रमवार लावण्याच्या पद्धतीसाठी होतं. ते जाऊ दे.

ऑटोफ्लोमुळे नकळत गाडी उलटी फिरली. फॉन नॉयमनच्या क्रमात माणूस विचार करून आकृती काढणार आणि त्यावरून कोड होणार. ऑटोफ्लोच्या क्रमात कोड आधी, आणि त्यावरून यंत्र आकृती छापून देणार. आकृती झकास आणि अद्ययावत. फक्त ती काढताना कोणी विचार केलेला नाही.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात यावर चांगलंच तोंडसुख घेतलंय. त्यांचं निरीक्षण असं, की अनुभवी प्रोग्रामर आधी तपशीलवार फ्लोचार्ट काढून मग कोड लिहायला बसत नाहीत. जिथे नियम म्हणून फ्लोचार्ट लागतो तिथे तो जवळपास नेहमीच काम झाल्यावर काढला जातो. पन्नास वर्षं होऊन गेली, पण हे वाचून आपल्यातल्या कितीजणांना आपली रिलीजच्या आदल्या रात्रीची डॉक्युमेंटं आठवतील! त्याच प्रकरणात ब्रुक्स सांगतात की प्रोग्रामला दोन चेहरे असतात. एक यंत्राकडे वळलेला, दुसरा माणसाकडे. दुसऱ्या चेहऱ्याकडे आपण लक्ष देत नाही, ही त्यांची तक्रार.

आता जरा मागे, १९६३ मध्ये जाऊ. कारण आकृती यंत्राच्या बाहेर कागदावर असताना हे सगळं चाललं होतं, आणि त्याच सुमारास एका विद्यार्थ्याने आकृतीलाच यंत्राच्या आत नेलं. त्याचं नाव आयव्हन सदरलंड. एमआयटीत पीएचडीसाठी, लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ संगणकावर, त्याने 'स्केचपॅड' बनवलं. प्रकाश ओळखणारं पेन पडद्यावर टेकवायचं आणि रेघ ओढायची. मार्गदर्शक कोण, तर क्लॉड शॅनन. (असे गाइड मिळायला नशीब लागतं.)

लोकांना लक्षात राहतं ते प्रकाशपेन. पण सदरलंडच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. कागदावरची रेघ ही फक्त शाई असते. स्केचपॅडमधली रेघ कोणाला जोडलेली आहे हे संगणकाला ठाऊक असतं. टोकाचा बिंदू हलवला की त्याला जोडलेल्या सगळ्या रेघा मागोमाग येतात. एकाच मूळ आकाराच्या अनेक प्रती लावल्या असतील, तर मूळ बदललं की प्रतीही बदलतात. म्हणजे आकृती हे चित्र कमी आणि नात्यांची वही जास्त. कोण कोणाला बांधलेलं आहे, कोण कोणाच्या पोटात आहे. चित्र हे त्या वहीचं डोळ्यांना दिसणारं रूप.

ही वही आणि हे चित्र यांची पुढे फारकत झाली. एका बाजूला बेल लॅब्जमधले लोक. ब्रायन कर्निगन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पिक' नावाची भाषा केली. चौकोन, बाण, वर्तुळ असे शब्द लिहायचे आणि छापताना आकृती तयार. पुढे एटी अँड टीच्याच संशोधकांनी 'ग्राफव्हिझ' केलं. त्यात तर जागाही सांगायची नाही. 'अ पासून ब ला बाण' एवढंच लिहायचं, कोण कुठे बसेल ते प्रोग्राम ठरवतो. थोडक्यात काय, तर वही माणसाने लिहायची, चित्र यंत्राने काढायचं.

दुसऱ्या बाजूला माउसवाले. १९९२ मध्ये व्हिझिओ आलं, २००० साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली, आणि ऑफिसाऑफिसांत तेच रुजलं. आकार ओढून आणा, सोडा, चिकटवा. वही गेली फाइलच्या आत, आणि ती फाइल बराच काळ बंद पेटीसारखीच होती. व्हिझिओची नेहमीची फाइल एक्सएमएलवर आधारित झाली ती २०१३ च्या आवृत्तीत.

माउसच्या या राज्यात डॉक्युमेंटेशनलाही एक सवय लागली. ते हाताला वळण लावणारं झालं. 'डावीकडच्या पट्टीतून चौकोन ओढा. निळे ठिपके दिसले की बाण सोडा.' सोबत स्क्रीनशॉट आणि त्यावर लाल गोल. यात चूक काहीच नाही, वाचणारा माणूस आहे. चौकोन चुकीच्या जागी पडला तर त्याला तो दिसतो, तो सरकवतो. अर्धं डॉक्युमेंटेशन त्याच्या डोळ्यांनीच पुरं केलेलं असतं.

आता एजंटाला हे वाचायला द्या. त्याला डावीकडची पट्टी नाही, निळे ठिपके नाहीत. आजच्या एआयला चित्र दाखवलं तर ते बघता येतं, नाही असं नाही, पण आकृती बदलायची असते तेव्हा त्याचा हात लागतो तो फाइलमधल्या मजकुराला. म्हणजे थेट वहीला.

उदाहरण म्हणून ड्रॉ डॉट आयओ घेऊ, बहुतेकांनी वापरलेलं असतं. (२०२० मध्ये त्यांनी डायग्राम्स डॉट नेट असं बारसं केलं होतं, पण लोकांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं.) त्याच्या पोटात एमएक्सग्राफ नावाची लायब्ररी आहे, आणि फाइल म्हणजे एक्सएमएल. प्रत्येक चौकोन आणि प्रत्येक बाण म्हणजे एक 'सेल'. प्रत्येक सेलला एक आयडी आणि एक पालक. सगळ्यात वर शून्य आयडीचा मूळपुरुष, त्याच्या पोटी एक आयडीचा थर, आणि बाकीची प्रजा त्या थराच्या पोटी. हे दोन पूर्वज पडद्यावर कधीच दिसत नाहीत, म्हणून माणसांसाठीच्या मदतपानांत त्यांचं काही कामही नसतं. एजंटाने पहिल्यापासून फाइल लिहायची तर सुरुवातच यांच्यापासून.

अशा आणखी बऱ्याच गोष्टी. पडद्यावर उभा अंतराचा आकडा खाली जाताना वाढतो, शाळेतल्या आलेखाच्या बरोबर उलट. एखादा चौकोन दुसऱ्या चौकोनाच्या पोटात असेल, तर त्याची जागा बापाच्या कोपऱ्यापासून मोजायची, पानाच्या कोपऱ्यापासून नाही. अनेक वर्षं ही फाइल जतन करताना आतला मजकूर दाबून, अक्षरांची खिचडी करून ठेवला जायचा. माणसाला फरक पडत नव्हता, कारण तो फाइल उघडायचा त्या साधनातूनच. एजंटाने अशी जुनी फाइल थेट वाचली तर त्याच्या हाती नुसती खिचडी येते. आधी ती सोडवायची, हे त्याला सांगावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाण. बाण दोन प्रकारे काढता येतो. 'अमुक आयडीच्या सेलपासून तमुक आयडीच्या सेलपर्यंत' असं सांगून, किंवा 'या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत' असं सांगून. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसू शकतात. पहिला जोडलेला आहे, दुसरा नुसता टेकलेला. उद्या कोणी चौकोन सरकवला की पहिला बाण मागे येतो, दुसरा लोंबकळत राहतो. म्हणजे बघा, १९६३ मध्ये सदरलंडने शाईची रेघ आणि जोडलेली रेघ यात जो फरक केला, तोच मला आज एजंटासाठी ठळक अक्षरांत लिहावा लागतोय!

यावर एक पळवाट आहे. २०१४ मध्ये क्नुट स्वेडक्विस्ट यांनी 'मर्मेड' केलं, 'पिक' आणि 'ग्राफव्हिझ'च्या घराण्यातलंच. २०२२ पासून गिटहबवर मर्मेडचा मजकूर थेट आकृती होऊन दिसतो. एजंटांना हे फार मानवतं, कारण सगळी वहीच समोर. पण त्यात जागेवर आपला ताबा राहत नाही. आणि जागेलाही अर्थ असतो. बाहेरचं जग डावीकडे, डेटाबेस तळाला, धोक्याचा भाग एका बाजूला काढून ठेवलेला.. हे मांडणाऱ्याने विचार करून मांडलेलं असतं. म्हणून दोन्ही घराणी टिकून आहेत.

गेल्या काही वर्षांत यंत्र-वाचकासाठी लिहायची पद्धतही रुळायला लागलीय. २०२४ च्या सप्टेंबरात जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलं, की वेबसाइटने एआयसाठी साध्या मजकुराची एक वेगळी फाइल ठेवावी. त्याच वर्षी नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने एमसीपी ही पद्धत खुली केली. तिच्यात प्रत्येक साधन आपण काय करतो आणि आपल्याला काय काय द्यावं लागतं हे ठरलेल्या साच्यात एजंटाला सांगतं. मला मात्र सर्वात उपयोगी धडा मिळाला तो युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमधून, नोव्हेंबर १९७१ चं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्यात आज्ञेच्या पानावर 'बग्ज' असा सरळ मथळाच ठेवला होता. आमची आज्ञा इथे फसते, हे आधीच कबूल. एजंटाला 'काय करता येतं' याच्या इतकंच 'काय करू नकोस' हे लागतं, आणि ते जाहिरातछाप पानांवर कधीच मिळत नाही.

इथपर्यंत सगळं तांत्रिक होतं. खरी पंचाईत पुढे झाली.

एजंटाला सगळे नियम सांगून झाले. फाइल उघडते, बाण जोडलेले, चौकोन एका रेषेत. पण ऑर्डरच्या चौकोनापासून स्टॉकच्या चौकोनाकडे गेलेल्या बाणाचा अर्थ काय लिहायचा? मी टीममधल्या तिघा अनुभवी लोकांना विचारलं. एक म्हणाला, ऑर्डर स्टॉकला कॉल करते. दुसरी म्हणाली, माहिती ऑर्डरकडून स्टॉककडे जाते. आता या दोन गोष्टी एक नव्हेत. ऑर्डरने स्टॉकला नुसतं 'माल शिल्लक आहे का' विचारलं, तर कॉल इकडून तिकडे जातो आणि माहिती तिकडून इकडे येते. बाणाची दिशाच उलटी! तिसऱ्याने सांगितलं, ऑर्डर स्टॉकवर अवलंबून आहे. तुटक रेघेचं तर विचारूच नका. एकाच्या लेखी 'उत्तराची वाट न बघता पाठवलेला निरोप', दुसऱ्याच्या लेखी 'अजून बांधायचं आहे'.

ही माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या आकृत्या बघून माना डोलावत आलीत. चाललं कसं? चाललं कारण आकृतीशेजारी काढणारा उभा असायचा. फळ्यासमोर बोलता बोलता अर्थ कळून जायचा. जो नवीन यायचा तो सहा महिने गप्प बसून, ऐकून ऐकून शिकायचा, किंवा चुकीचं समजून घेऊन तसाच पुढे जायचा. त्याच्यासाठी कोणी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्या लिहिल्या जातायत त्या आज, यंत्रासाठी. त्यासाठी बजेट मिळालं, वेळ मिळाला, मॅनेजर रोज विचारतोय. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलीला हीच दोन पानं हवी होती, तेव्हा तिला सांगितलं गेलं, "कोड वाच, कळेल." मला याचा थोडा राग येतो, खोटं कशाला बोलू.

दुसरी धास्ती ऑटोफ्लोची. आता एजंट कोड वाचून आकृती काढतो, आकृती बदलली की तीही नीटनेटकी ठेवतो. ब्रुक्स यांची तक्रार एका अर्थी मिटली, माणसाकडचा चेहरा आता यंत्रच रंगवून देतं. पण कोड एजंटाने लिहिला, आकृतीही त्यानेच काढली, आणि आपण ती डॉक्युमेंटात चिकटवली, तर मधे विचार कोणी केला? देखणी आकृती बघून आपल्याला समजल्यासारखं वाटतं. हे वाटणं फार फसवं आहे.

म्हणून मी त्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक नियम घातलाय. प्रत्येक आकृतीत एक तरी चौकट अशी हवी, जिच्यात यंत्राने करायचं काही नाही. 'इथे पोचेपर्यंत पैसे कापलेले असतात, पण माल राखून ठेवलेला नसतो' अशा प्रकारची. ती चौकट माणसानेच लिहायची, एजंटाने तिला हात लावायचा नाही. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांना ही गोष्ट संगणक बांधून होण्याआधीच सुचली होती, मी फक्त उसनी घेतली. आणि बाणांचा अर्थ सांगणारी दोन पानं एजंटाच्या फोल्डरबरोबरच नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मिळतील, हेही मान्य करून घेतलंय. घासाघीस झाली थोडी, पण झालं.

असो. लेख लांबला. जाता जाता एक उद्योग सुचवतो. सोमवारी ऑफिसात गेलात की टीमची एखादी जुनी आकृती उघडा, त्यातल्या एकाच बाणावर बोट ठेवा आणि चारजणांना वेगवेगळं गाठून विचारा, याचा अर्थ काय. उत्तरं किती निघतात ते मोजा. एकच निघालं तर तुमच्या टीमला माझा नमस्कार कळवा.